वाटणीतली जर्मन गाडी

वाटणी पाडव्याच्या आत उरकायची, एवढ्या एका गोष्टीवर दोघा भावांचं एकमत होतं. पाडव्याला सालदार बदलतात, आणि कोणता गडी कोणाच्या मळ्यात राबणार हे त्याआधी ठरलेलं बरं असतं. म्हणून देवीदासनं आदल्या संध्याकाळीच अकोल्याहून अमरावतीला यावं, सकाळी मोरोपंत वकील येतील आणि दुपारच्या जेवणाआधी वाटे पडतील, असं शालिकरामनं ठरवलं होतं. संध्याकाळ गेली, रात्र गेली. मोरोपंत येऊन ओसरीवरच्या खुर्चीत बसले, त्यांचा चहा झाला, तरी धाकट्याचा पत्ता नव्हता.

दोघा भावांची आई पार्बताबाई विहिरीजवळच्या तुकड्यात मोगऱ्याच्या कळ्या तोडत होती. गाडी दिसायच्या आधी तिला ऐकू आली. वलगाव रस्त्याचा चढ लागला की गाडीच्या पोटात खिळ्यांचा डबा हलवल्यासारखा आवाज होई. इथलं पेट्रोल तिला पचत नाही, असं देवीदास म्हणायचा. सुनेच्या पोटातल्या दुखण्याबद्दल बोलावं तसा तो हे हळू आवाजात सांगायचा.

साठ साली अकोल्याच्या एका मिलमध्ये यंत्रं बसवायला आलेला जर्मन इंजिनिअर मायदेशी परत जाताना ही गाडी विकून गेला. चांदीच्या रंगाची, बुटकी, दोनच दारांची, मागं बसायला जेमतेम फुलांची टोपली मावेल एवढी जागा. शालिकराम त्या वर्षी संत्रेवाल्यांच्या सोसायटीचा चेअरमन व्हायला निघाला होता. त्यानं घरात कोणाला विचारलं नाही, सरळ चालवतच आणली. म्हातारा सूर्यभान, म्हणजे पार्बताबाईचा नवरा, तिच्यात एकदाच बसला. उतरल्यावर म्हणाला, "ह्याच्यात बसलं की नुसती भुई दिसते. मानूस दिसत नाही." बासष्टच्या पोळ्याआधी तो गेला. चेअरमनकी त्याच्याही आधी गेली होती. गाडी राहिली.

तिचं चाक डाव्या हाताला होतं. पुढं बैलगाडी असली की चालवणाऱ्याला पलीकडचं काही दिसायचं नाही. उजवीकडं बसेल त्यानं मान बाहेर काढून सांगायचं, जाऊ द्या, नाहीतर थांबा. बहिरमच्या जत्रेला जाताना पार्बताबाईनं एकदा ते काम केलं होतं. परतताना ती एसटीनं आली.

आज ते काम सत्यवतीनं केलं होतं. देवीदासची बायको दार उघडून बाहेर आली तेव्हा तिच्या भुवयांवर सुद्धा धूळ होती.

"रात्री काहून नाही आले बापा?" पार्बताबाईनं विचारलं.

"मूर्तिजापूरले मुक्काम पडला," देवीदास म्हणाला. तो आईकडं पाहत नव्हता. गाडीचं तोंड उघडून आत फुंकर घालत होता. "गरम झाली होती."

"गाडी गरम झाली आन् आमी धर्मशाळेत थंड झालो," सत्यवती म्हणाली. "जाऊ द्या, थांबा, जाऊ द्या, थांबा. घसा बसला माहा."

ओसरीवर सतरंजी टाकली होती. शालिकराम आधीच बसला होता, परीटघडीच्या सदऱ्यात. त्याची बायको कौशल्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. सत्यवतीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि खांबाआड बसली. भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, तिनं तोंडाला तोंड देऊन बोलायचं नाही अशी रीत होती. तिला शालिकरामला काही ऐकवायचं असलं की ती खांबाकडं पाहून कौशल्येला ऐकवायची. दोघी जावांचं संक्रांतीपासून बोलणं नव्हतं, त्यामुळं आज नुसता खांबच उरला होता.

पार्बताबाई कळ्यांची टोपली घेऊन भिंतीशी बसली आणि माळ ओवू लागली.

"आईंचा अंगठा शेवटी लागेल," मोरोपंत म्हणाले. "तोवर त्या आपलं काम करू देत."

रीत सगळ्यांना ठाऊक होती. थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे पाडणारा लबाडी करत नाही, निदान उघड करत नाही. शालिकरामनं सतरंजीवर दोन विडे ठेवले.

"हा पहिला. हे घर, संत्र्याची बाग, आन् मोगऱ्याचा तुकडा विहिरीसकट." त्यानं दुसऱ्या विड्यावर बोट ठेवलं. "हा दुसरा. अकोल्याची दुकान, जुन्या शहरातलं वरचं घर, दर्यापूरची कोरडवाहू. आन्..." त्यानं हात पुढं केला. देवीदासनं नकळत खिशातून चावी काढून दिली. "आन् गाडी."

चावी विड्यावर पडली.

देवीदासनं तिच्याकडं पाहिलं. "गाडी काहून त्याच्यात?"

"तुले आवडते म्हनून."

"मले?"

"मंग कोनाले? तीन वर्ष झाली, तिच्या पोटाखालीच तर झोपून राहतो."

"झोपा लागते, कारन तू तिले बागेच्या वाटेनं आनली!" देवीदासचा आवाज चढला. "बैलगाडीच्या चाकोऱ्या त्या. मधातला वरंबा हातभर उंच. ही गाडी भुईच्या बोटभर वरून जाते. दगडावर आपटली, तेलाचं भांडं फुटलं. साबनाची वडी लावून म्या अकोल्यापर्यंत नेली."

"आन् त्या भांड्यात एरंडेल कोनं ओतलं?"

हा घाव कधीतरी येणार हे देवीदासला माहीत होतं.

अकोल्याच्या मिस्त्रीनं बोलता बोलता सांगितलं होतं की परदेशात शर्यतीच्या गाड्यांना एरंडेलच घालतात. देवीदासला वाटलं, मग काय, ते तर आपल्या घरचंच. बैलगाडीच्या आसाला लावायचा डबा दुकानामागं होता. त्यानं तो जुन्या तेलावरच ओतला. आठवड्यात इंजिनात डिंक झाला.

"भाऊजींनं गाडीले जुलाब देल्ला," कौशल्या चौकटीतून म्हणाली. "तिले झाला नाही, आमालेच झाला."

मोरोपंतही हसले. खांबाआडून एक हसू आलं आणि लगेच दाबलं गेलं. देवीदासनं मात्र आपल्या बायकोचं हसू ओळखलं, आणि तो पुढं जे बोलला ते त्या हसण्यामुळंच बोलला असावा.

"ठीक हाय. मंग मी पहिला वाटा उचलतो."

ओसरीवरचं हसणं थांबलं. शालिकरामचा हात विड्याजवळ होता, तो तिथंच राहिला. धाकटा अकोल्याचं बस्तान सोडणार नाही, या हिशेबावर त्यानं वाटे पाडले होते. ह्यानं पहिला उचलला तर राहतं घर, बाग, सगळं सोडून आपल्याला जुन्या शहरातल्या बोळात जाऊन फुलं विकावी लागतील, वर ती गाडी, हे त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

बायकांना तेवढाही लागला नाही.

"भाऊजी, तुमी अठी येऊन काय करसान?" कौशल्या चौकट सोडून पुढं आली. "लेकरायची शाळा अकोल्याले. सत्यवतीचं माहेर अकोल्याले."

"जाऊबाई खरं म्हनतात," खांब म्हणाला. "मी काही अठी येनार नाही. सांगून ठेवा."

संक्रांतीपासूनचा अबोला असा सुटला. कौशल्येनं सत्यवतीकडं पाहिलं, सत्यवतीनं पदर थोडा मागं सारला, आणि दोघी एका बाजूला झाल्या. पार्बताबाई माळेची गाठ मारता मारता पाहत होती. ह्या दोघींना एकत्र आणायला तिनं तीन महिने घातले होते. गाडीनं ते क्षणात केलं.

"तुले पाह्यजे काय, थे बोल," शालिकराम म्हणाला.

"गाडी काढ दुसऱ्यातून, मोगऱ्याचा तुकडा टाक त्याच्यात. मोगरा माह्याच दुकानात विकल्या जाते."

"मोगरा तुले पाह्यजे का रस्ता पाह्यजे?" शालिकरामनं विचारलं. "रस्त्याले लागून हाय थो तुकडा. उद्या तठी प्लाट पडतील. मले नाही समजत का?"

"तुले समजते म्हनूनच तर थो तू आपल्या वाट्यात ठेवला."

हे मात्र बरोबर होतं. आणि या दोघांना जे समजत होतं ते पार्बताबाईला त्यांच्याआधीपासून समजत होतं. ती विहीर खोदली तेव्हा वर आलेला मुरूम तिनं डोक्यावरून वाहिला होता, शालिकराम पोटात असताना. मोगऱ्याचं एकेक रोप तिच्या हातचं होतं. वैशाखात बागेची विहीर तळाला गेली की हिचंच पाणी बागेला जगवायचं. पंपाजवळच्या दोन खणांच्या खोलीत उन्हाळाभर तिची खाट असे. आपण मरेपर्यंत त्या खोलीत राहावं आणि सकाळी उठून कळ्या तोडाव्यात, याखेरीज तिला काही नको होतं. वाटे दोन पडले काय आणि चार पडले काय, आपल्याला तिथून कोणी उठवणार नाही, अशी तिची सकाळपर्यंत समजूत होती.

"गाडी विकून का टाकत नाही?" मोरोपंतांनी विचारलं.

दोघे भाऊ एकदम बोलू लागले. नागपूरचा एक घेणारा आला होता. आत बसला, इंजिन सुरू करून ऐकलं, बंद केलं, चहा प्याला, गाडी फार सुंदर आहे म्हणाला, आणि गेला. मुंबईला एक पारशी अशा गाड्या घेतो असं ऐकलं होतं, पण गाडी मुंबईपर्यंत जाणार कशी? ह्या गाडीला दोन कार्ब्युरेटर. दोन्हींचा श्वास सारखा चालला पाहिजे, एकानं जास्त घेतला की दुसरा रुसतो. आपली काळी धूळ आत गेली की दोन्ही रुसतात. टायर त्या मापाचे अख्ख्या वऱ्हाडात नाहीत. हळू चालवली तर प्लग काजळतात, जोरात चालवावी तर पुढं बैल.

"तिले पळवाच लागते," देवीदास म्हणाला. "पळवली नाही की आतल्या आत कुढते."

"तुले तिच्या आतलं लय कळते," शालिकराम म्हणाला, "तरी तू नाही म्हनून राहिला."

"कळते म्हनूनच नाही म्हनतो."

मोरोपंतांनी चष्मा पुसला. त्यांना दुपारी कोर्टात जायचं होतं. "असं करा. गाडी सामाईक ठेवा. सहा महिने शालिकरामजींकडे, सहा महिने देवीदासजींकडे. कागदात तशी नोंद करतो."

"नाही जमत, वकीलसायेब." या वेळी देवीदास रागावला नव्हता. तो मनापासून समजावून सांगत होता. "सामाईक वस्तूचे हालच होतात. ह्याले वाटते थो पाहीन, त्याले वाटते हा पाहीन. अन् ही तर जुनी झाली. जुन्या वस्तूले एका हाताची सवय असते. आज अठी, सहा महिन्यानं तठी, असं फिरवलं तर टिकनार नाही. एक दिवस रस्त्यातच बसंल."

"हे मात्र खरं बोलला," शालिकराम म्हणाला. "सामाईक ठेवनं म्हंजे मारनं."

पार्बताबाईच्या हातातला दोरा थांबला नाही. ती ऐकत होती.

"बरं, गाडी क्षणभर बाजूला राहू द्या," मोरोपंत म्हणाले. "आईंचं काय ठरलं?"

"आईचं काय?" शालिकराम म्हणाला. "आई सामाईक. सहा महिने अठी, सहा महिने तठी."

"हाव," देवीदास म्हणाला.

सकाळपासून एवढा एकच मुद्दा आवाज न चढता सुटला. मोरोपंतांनी तो लगेच लिहून घेतला.

जावा आता एका बाजूला असल्यामुळं महिन्यांचंही पटापट ठरू लागलं. कौशल्येचं म्हणणं, कळ्यांच्या दिवसात आई इथं असलेल्या बऱ्या, त्यांचा हात चालतो. सत्यवती म्हणाली, चालंल, अकोल्याची गरमी त्यायले सोसत नाही, आमच्याकडं पावसाळ्यानंतर पाठवा. कौशल्या म्हणाली, हिवाळ्यात त्यायचा खोकला लय वाढते, रात्रभर झोप येत नाही घरात. सत्यवती म्हणाली, मंग तर दिवाळी अठीच होऊ द्या, दिवाळीनंतर पाठवा. दोघीही मायेनं बोलत होत्या. दोघींच्या मायेत एकेक महिना इकडून तिकडं जात होता.

"वकीलसायेब," पार्बताबाई म्हणाली. "एक इचारू का?"

सगळ्यांनी माना वळवल्या. ती भिंतीशी आहे हे त्यांना त्या घडीला पुन्हा आठवलं.

"विचारा ना, आई."

"गाडी सामाईक काहून जमत नाही म्हनते हा?"

मोरोपंतांनी देवीदासकडं पाहिलं. देवीदास म्हणाला, "आई, थे मशीन हाय."

"हाव. म्हनूनच इचारलं."

तिनं माळ टोपलीत ठेवली.

"मले सामाईक राहाचं नाही. माहा वाटा काढा."

शालिकराम आधी हसला. मग आई हसत नाही हे पाहून थांबला. "कोनं शिकवलं तुले?" त्यानं देवीदासकडं मान वळवली. "तुह्या बायकोनं शिकवलं असंल."

"मी काहाले शिकवू?" सत्यवती रीत विसरून थेट बोलली. "आमाले काय मिळते त्याच्यातून?"

"बरोबर," देवीदास म्हणाला. "दादा, आमाले काय मिळते? उलट आपल्या दोघायचंही कमी होते."

आपल्या दोघांचं. पार्बताबाईनं शब्द ऐकला. बापाच्या तेरवीलाही हे दोघे एका ओळीत जेवले नव्हते. आता शालिकराम सरकून देवीदासजवळ बसला होता.

"आई, ह्या वयात वाटा घेऊन काय करसीन?" थोरला म्हणाला.

"लोक म्हनतील पोरं सांभाळत नाहीत," धाकटा म्हणाला.

"तुले कमी काय हाय?"

"दोन घरं हायेत तुले. लोकायले एक नसते."

एकाचं वाक्य संपलं की दुसरा पुढचं उचलायचा. लहानपणी मोट हाकताना दोघे असेच आळीपाळीनं ओरडायचे. पार्बताबाईनं त्यांना बोलू दिलं. मग ती वकिलांकडं वळली.

"तुमी सकाळी म्हनले, आईचा अंगठा लागंल. ज्याचं काहीच नाही, त्याचा अंगठा कोनी मांगत नाही. माहा अंगठा कायचा लागते?"

मोरोपंतांनी चष्मा पुन्हा काढला. तो पुसण्यासारखा राहिला नव्हता. "हक्क सोडल्याचा," ते म्हणाले.

"म्हंजे हक्क हाय."

"आहे. छप्पन सालच्या कायद्यानं आहे. नवरा गेला की बायकोचा वाटा निघतो. मुलांच्या बरोबरीनं."

"मंग सकाळपासून सांगतलं काहून नाही?"

"कोणी विचारलं नाही, आई."

मोरोपंत हे अगदी सरळपणे बोलले. त्यात खोटं काही नव्हतं. त्यांना बोलावलं होतं शालिकरामनं, आणि त्यांच्या धंद्यात न विचारलेलं सांगायची पद्धत नव्हती.

शालिकरामचा चेहरा तांबडा झाला. त्यानं दोन्ही विडे आणि चावी आईपुढं ढकलली. "घे मंग. तूच पाड वाटे. पन रीत माहीत हाय नं? पाडीन त्यानं शेवटी घ्याचं. आमी उचलून जे उरंल थे तुह्यं."

"माहीत हाय," पार्बताबाई म्हणाली. "कौशल्या, एक विडा आन."

विडा आला. तिनं तिन्ही एका ओळीत मांडले. घाई केली नाही.

"हे घर आन् संत्र्याची बाग. एक." तिचा हात दुसऱ्यावर गेला. "अकोल्याची दुकान, वरचं घर, दर्यापूरची जमीन. दोन." आणि तिसरा. "मोगऱ्याचा तुकडा, विहीर, पंपाची खोली. तीन."

दोघा भावांचे डोळे तिसऱ्यावर खिळले. रस्त्याचा तुकडा एकटा, सुटा, समोर पडला होता. म्हातारीला वाटणी कळत नाही असं शालिकरामला वाटलं असावं, कारण तो गालात हसला आणि मग पहिला हात आपला नाही हे आठवून हसायचा थांबला. देवीदास गुडघ्यावर आला. खांबाआडून सत्यवतीनं हलकेच खाकरून होकार दिला. दुकान भाड्यानं घेता येते, रस्त्याची जमीन पुन्हा मिळत नाही, एवढं तिलाही कळत होतं.

"थांब," पार्बताबाई म्हणाली. "एक राह्यलं."

तिनं सतरंजीवरची चावी उचलली आणि तिसऱ्या विड्यावर ठेवली.

"आई!" देवीदास म्हणाला. "तठी काहून?"

"कुठी तरी ठेवा लागते नं?"

"मंग... मी भंगारात देईन तिले," तो म्हणाला, पण शब्द तोंडातून निघताना त्यालाच लागले.

"भंगारात द्याची नाही. तुहा बाप बसला होता तिच्यात. ज्याच्या वाट्याले येईन त्यानं ठेवा लागंल. लिहा, वकीलसायेब."

मोरोपंतांनी लिहिलं.

देवीदास तसाच गुडघ्यावर राहिला. त्याचा हात तिसऱ्या विड्यावर होता, चावीपासून बोटभर वर. तीन वर्षांच्या साऱ्या रात्री त्याच्या डोळ्यांपुढून गेल्या असतील, किंवा फक्त कालची मूर्तिजापूरची गेली असेल. खांबाआडून पुन्हा खाकरणं आलं, या वेळचं निराळं.

"त्या गाडीत मी आता बसनार नाही," सत्यवती म्हणाली. "बसवाचंच असंल कोनाले, तर दुसरी करून आना."

देवीदासनं हात मागं घेतला आणि दुसरा विडा उचलला.

आता शालिकराम. तो बराच वेळ तिसऱ्याकडं पाहत होता. रस्ता, विहीर, वैशाखातलं पाणी, सगळं त्याच्या मनात जमत होतं आणि चावीपाशी येऊन अडत होतं. चौकटीतून कौशल्या एवढंच म्हणाली, "घर, म्हनलं." त्यानं पहिला विडा उचलला.

पार्बताबाईनं उरलेला घेतला. तिला आनंद झाला नव्हता. दोघांना कशाची भीती आहे ते सकाळपासून तिनं ऐकलं होतं आणि तेवढंच आपल्या जमिनीभोवती कुंपणासारखं लावलं होतं. कुंपण पक्कं निघालं. एखाद्यानं तरी ते ओलांडावं, असं तिला आत कुठंतरी वाटलं होतं की काय, हे तिनं कोणाला सांगितलं नाही.

अंगठा झाला. मोरोपंत कोर्टात गेले. ओसरीवर सगळ्यांना एकदम हलकं वाटू लागलं, मोठं जड काही दुसऱ्याच्या डोक्यावर गेल्यावर वाटतं तसं.

"गाडीवाली झाली माही माय," शालिकराम म्हणाला. "चालवसीन का? बहिरमले नेजो आमाले."

"चालवाची काहाले? आंब्याखाली उभी ठेवीन. कांदे ठेवीन तिच्यात. वरून गळत नाही, उंदीर शिरत नाही."

कौशल्या हसली, सत्यवती हसली. देवीदास हसला नाही. तो उठून उभा राहिला होता.

"कांदे नको ठेवू, आई. वास बसते आत. अन् नुसती उभी नाही ठेवता येत. महिन्यातून एकदा तरी सुरू करा लागते, नाही तर तेल तळाशी बसते, पिस्टन धरते. मरते मंग गाडी."

"मले नाही येत सुरू करता."

"मी येत जाईन."

"अकोल्याहून?"

"हाव. महिन्यातून एक रविवार. सकाळच्या एसटीनं येईन, तिले घडीभर पळवून आनीन, पुसूनबिसून ठेवीन, संध्याकाळी जाईन." त्यानं बाहेरच्या गाडीकडं पाहिलं. "कितीही काम असो. येईनच."

"चाकातल्या हवेचं मी पाहीन," शालिकराम म्हणाला. "बागेत जाता येता नजर टाकत जाईन. हवा गेली की रबर बसते."

पार्बताबाईनं दोघांकडं पाहिलं. दोघांच्या कपाळावर एकच आठी होती. त्या काळजीत कसर नव्हती. लेकरांच्या तापात उशाशी बसलेल्या माणसांचे असतात तसे ते चेहरे होते.

तिनं चावी पदराच्या टोकाला बांधली आणि गाठ दोनदा ओढून पाहिली.

"येत जा," ती म्हणाली. "नाही ठेवत मी कांदे."